बिनदेवाचा माळा

आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीत पान खाल्लेल्या माणसाला घरातली मोरी आठवत नाही, रस्त्यावरचं गटार आठवत नाही, जिन्याच्या वळणावरचा कोपरा मात्र बरोब्बर आठवतो. तीन माळे, तीन वळणं, तीन लालभडक कोपरे. ते धुवायचं काम शेवंतीमावशीचं. तिला त्याबद्दल पगारबिगार नाही, जिन्याखालची खोली राहायला आहे. खोली कसली, उभं राहिलं की डोक्याला पायरी लागते. पण मालवणहून एकट्या आलेल्या बाईला मुंबईत तेवढं छप्पर म्हणजे बंगलाच.

त्या दिवशी घरमालकाचे कारकून मनमोहनराव आले. काळी टोपी, हातात छत्री आणि चेहरा असा, की आपणच काहीतरी चोरलंय असं वाटावं. तिन्ही कोपरे पाहून त्यांनी मावशीला सांगितलं, "एक तारखेला परत येतो. कोपरे असेच दिसले तर खोली रिकामी करायची."

एक तारखेला आठ दिवस होते.

संध्याकाळी गॅलरीत याच्यावर चर्चा झाली. आमच्याकडे चर्चा म्हणजे तिसऱ्या माळ्यावरचे गंगाधरकाका आणि माझा गुरुदत्तमामा. बाकीचे कठड्याला टेकून ऐकतात. काकांच्या कपाळावर गंध आणि गालात पान, दोन्ही कायम ताजं. मामा देव मानत नाही, देवळात जात नाही, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना मात्र एकही दिवस न चुकता जातो आणि घसा बसवून घरी येतो.

काका म्हणाले, "सोप्पं आहे. घरात गेल्या वर्षीची कॅलेंडरं पडलीयत. दत्त, लक्ष्मी, मारुती. प्रत्येक कोपऱ्यात एकेक लावू. बघू कोणाची छाती होते थुंकायची!"

"म्हणजे दत्तगुरू बघतायत म्हणून माणसानं नीट वागायचं?" मामाने घोगऱ्या आवाजात विचारलं. "आणि ते बघत नसतील तेव्हा?"

"ते बघत नाहीत असं कधी होतच नाही."

"मग कॅलेंडर कशाला? इतके दिवस त्यांना काय जिन्यातल्या अंधारात दिसत नव्हतं?"

सगळे हसले. काका तापले. "तुम्हा नास्तिकांचं हेच! देवाचं भय गेलं की माणूस काय करील याचा नेम नाही."

इथे मी उडी मारली. आदल्याच आठवड्यात शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि तेव्हापासून कुठेही दोन माणसं बोलायला लागली की मला तिसरी व्हावंसं वाटत होतं. "काका, पैज! पहिल्या आणि तिसऱ्या माळ्यावर तुमचे देव लावा. दुसरा माळा माझा. तिथे देव नाही. मी लोकांना समजावून सांगेन आणि तो तुमच्या दोन्हींपेक्षा स्वच्छ राहील!"

"शाब्बास ललिते!" मामा म्हणाला.

"लावली!" काका म्हणाले.

शेवंतीमावशी खाली नळावर होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

मी सुंदर अक्षरात पाटी लिहिली : 'आपण सुजाण नागरिक आहात. कृपया येथे थुंकू नये.' दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पहिला माळा चकाचक, दत्तगुरू प्रसन्न. तिसरा चकाचक, लक्ष्मी प्रसन्न. आणि माझा दुसरा माळा नेहमीच्या दुप्पट लाल! 'सुजाण' शब्दावर तर कोणीतरी नेम धरून पिचकारी मारली होती. लोक देवाला घाबरले होते, हे खरं. पण घाबरून त्यांनी पान सोडलं नव्हतं, फक्त माळा बदलला होता. सगळ्यांचं सगळं माझ्याकडे!

मी पाटी बदलली. आरोग्याची लावली, मग क्षयरोगाची लावली. चौथ्या दिवशी मात्र मला भन्नाट कल्पना सुचली. अॅटलासवरून महाराष्ट्राचा हा मोठा नकाशा काढला, मुंबईवर सोनेरी कागदाची चांदणी डकवली, खाली लिहिलं 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' आणि तो कोपऱ्यात लावला. दीड दिवस एक थेंब नाही! मी जिन्यावरून अशी चालत होते की जणू मुंबई मीच मिळवून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आले तर नकाशाला हळदकुंकू लावलेलं आणि वर एक जास्वंद खोचलेली. गंगाधरकाकांच्या रमाकाकूंचं काम.

मामा हसून हसून पायरीवरच बसला. "अगं, तू देव काढलास कुठे? नवीन आणून बसवलास!"

"हा देव नाहीये, मागणी आहे!"

"मागणीला कुंकू लावतात?"

मला इतका राग आला! मामाचा नाही, तो बरोबर बोलत होता म्हणून. मी नकाशा काढून टाकला. पैज म्हणजे पैज. रात्रीपर्यंत कोपरा पूर्वीसारखा.

एक तारखेच्या सकाळी शाळेला निघाले तर शेवंतीमावशी दुसऱ्या माळ्यावर गुडघे टेकून भिंत घासत होती. ब्रश झिजून नुसतं लाकूड राहिलेलं. मी तिला धीर द्यावा म्हणून म्हटलं, "मावशी, मी अजून हरले नाही हं. माणसात मुळातच चांगुलपणा असतो, फक्त त्याला थोडा वेळ..."

"गो चेडवा," ती मागे न बघता म्हणाली, "पैज लावूक तुका माझीच खोली गावली?"

तिने ब्रश बादलीत आपटला.

"माका इचारलंस? तुझ्या मामान इचारल्यान? त्या गंगाधरान इचारल्यान? तुम्ही हरा नायतर जिका. भायेर मीच जातलंय मा?"

आठ दिवस मी देव, माणूस, नागरिक, महाराष्ट्र, सगळ्यांचा विचार केला होता. तिचा केलाच नव्हता. मी दप्तर पायरीवर टाकलं, परकर वर खोचला, तिच्या बादलीतलं फडकं घेतलं आणि घासायला बसले. पानाचा डाग किती चिवट असतो हे मला पंधरा वर्षांत कळलं नव्हतं. पण निघाला. कोपरा पांढरा झाला. म्हणजे पांढरट.

तेवढ्यात खालून छत्रीची टकटक ऐकू आली. मनमोहनराव! आणि त्यांच्या एक जिना पुढे, कोपऱ्यावरच्या दुकानातून ताजं पान भरून घरी निघालेले गंगाधरकाका. दोन्ही गाल फुगलेले, हनुवटी वर, ओठ घट्ट. पहिल्या माळ्यावर दत्तगुरूंना हात जोडून ते सवयीने सरळ माझ्या कोपऱ्याकडे आले.

म्हणजे काकाच! रोज!

"काका?" मी म्हटलं.

"ऊं," काका म्हणाले.

"इथे तर कोणी देव बघत नाहीये."

"ऊं ऊं!" त्यांनी एका हाताने मला बाजूला व्हायची खूण केली. मग त्यांची नजर खाली गेली. शेवंतीमावशी हातात फडकं घेऊन, भिंतीला पाठ लावून त्यांच्याकडे बघत बसली होती. छत्री जवळ येत होती. टक. टक. काकांचे डोळे एकदा तिच्याकडे, एकदा कोपऱ्याकडे, एकदा वर जिन्याकडे. वरती लक्ष्मी होती, मोरी त्याच्याही पलीकडे, आणि गालात आता जागा नव्हती.

काकांनी डोळे मिटले आणि गिळलं.

तंबाखूचं पान! अख्खं!

"वा! तिन्ही कोपरे स्वच्छ," वर पोचलेले मनमोहनराव म्हणाले. "काय गंगाधरपंत, हा चमत्कार कोणाचा?"

"हिक्!" काका म्हणाले आणि कठडा धरून मटकन खाली बसले.

मनमोहनरावांनी वहीत काहीतरी खरडलं, मावशीला "राहा" एवढंच म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी गॅलरीत पुन्हा चर्चा. मामा म्हणाला, "बिनदेवाच्या माळ्यावर गिळलंत, म्हणजे मी जिंकलो." काका उचक्यांच्या मधून म्हणाले, "पहिल्या माळ्यावर नमस्कार, हिक्, केला होता मी. त्याचा प्रभाव दुसऱ्यापर्यंत, हिक्, राहतो."

"काका, खरं सांगा ना," मी विचारलं. "गिळताना मनात काय होतं?"

काकांनी एक उचकी दाबली. "विचार करायला वेळ कुठे होता गं? ती समोर बसली होती."

मामा लगेच म्हणाला, "पाहिलंत?" काका म्हणाले, "अरे, पण तिला तिथे बसवलं कोणी?" आणि दोघांची पुन्हा अशी जुंपली, की शेवंतीमावशी वर आलेलीही त्यांना कळली नाही. तिच्या हातात तीन फडकी होती. एक तिने मामाच्या खांद्यावर टाकलं, एक काकांच्या, एक माझ्या.

"शनवारी दुसरो माळो तुमचो," ती म्हणाली. "भांडा, पण घासताना भांडा."

या शनिवारी आम्ही घासला. काकांना अजून पटलेलं नाही, मामालाही नाही. पण काका ब्रश फार छान मारतात.