काठावरची ओळ

मुलांनो, समजा तुम्ही ओढ्याकाठच्या एका शेतात उभे आहात. पायाखाली ढेकळं आणि नाकात वाळ्याच्या मुळांचा वास. हाच वास पुढे अत्तराच्या कुपीत जाऊन बसतो. कुपी इवलीशी, पण तिच्यासाठी कंबर मोडेस्तोवर खणावं लागतं.

भिंगरी आणि तिची आत्या सकाळपासून तेच करत होत्या. पोर एका जागी टिकायची नाही, म्हणून भिंगरी. आत्या वाळ्याचे ठोंब उपटायची, भिंगरी मुळं झटकून, कापून गाडीत टाकायची.

दुपारी अत्तरवाला आला. त्याची भट्टी ओढ्याच्या खालच्या वळणावर होती; तिथं तो मुळं हंड्यात उकळून अत्तर काढायचा. गाडी बघून त्यानं नाक मुरडलं.

"आत्याबाई, एवढ्यानं माझा हंडा अर्धाच भरेल. ती काठावरची जुनी ओळ काढा."

"ती नाही काढायची. तिनं काठ धरलाय."

"मग ही गाडीही ठेवा तुम्हालाच. अर्ध्या हंड्याला मी जाळ घालत नाही."

आत्याचा चेहरा उतरला. दीड वर्षाची मेहनत गाडीत होती, आणि जवळपास दुसरी भट्टी नव्हती. तिनं कुदळ उचलली.

भिंगरी धावली आणि ओळीवर फतकल मारून बसली.

"ऊठ गं!"

"नाही उठणार! काकानं त्याचा काठ खणला, तर पुरात अर्धं शेत गेलं. आपलं गेलं की पुढं कुणाची भट्टी आहे?"

"एवढीशी पोर, आणि जीभ बघा!" अत्तरवाला हसला. "सरक, मीच खणतो."

"खणा की! एक ठोंब मुळासकट काढून दाखवा. निघाला तर सगळी ओळ तुमची."

"भिंगरे!" आत्या ओरडली. पण त्यानं बाह्या वर सारल्या होत्या.

त्यानं गुडघाभर खणलं, मग कमरेइतकं. मुळं अजून खालीच चालली होती. शेवटी त्यानं ठोंब कवटाळून हिसडा दिला. मुळं तटकन तुटली आणि ठोंबासकट तो खड्ड्यात बसला.

आत्यानं हसू लपवायला पदर तोंडाला लावला.

तो लगेच उठला नाही. चारी बाजूंची माती मुळांनी विणल्यासारखी होती. त्यानं तिच्यावरून हात फिरवला. मग खालच्या वळणावरच्या आपल्या भट्टीकडे पाहिलं.

"गाडी जुंपा, आत्याबाई," तो पुटपुटला. "घालतो अर्ध्या हंड्याला जाळ."

भिंगरीनं त्याच्या हातातून ठोंब काढून घेतला, विळ्यानं पाती आखूड केली आणि त्याच्यापुढे फावडं धरलं.

"खड्डा तुम्ही केलात, तुम्हीच बुजवा. ठोंब मी लावते."