मिटलेली बोंडं

ताईने विहीणबाईंना शब्द दिला, तेव्हा तिच्याजवळ शब्दाखेरीज दुसरं काहीच नव्हतं. छापखान्यामागचं कागदाचं जुनं गोदाम मालकांनी लग्नापुरतं वापरायला दिलं होतं. चार भिंती, उंच खिडक्या आणि कागदाचा मुरलेला वास, एवढाच त्याचा थाट. विहीणबाईंचं कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं मोठं दुकान होतं, आणि त्यांच्या ओळखीचा एक सजावटवाला होता. तो प्लास्टिकच्या फुलांची कमान आणून उभी करेल, तुम्ही कशाला जिवाला घोर लावून घेता, असं त्या म्हणाल्या. म्हणाल्या मायेनेच, पण ताईला लागलं. आई गेल्यापासून धाकटीला तिने वाढवलं होतं. अंगभर दागिने घालून बहिणीला पाठवायची ऐपत नव्हती. निदान ज्या खोलीतून ती जाणार, ती खोली तरी आपल्या हातची असावी.

"सजावट आमच्याकडची," ती एवढंच म्हणाली.

मग असं ठरलं, की लग्नाच्या आदल्या दुपारी विहीणबाई बघायला येतील. मनाला आली तर उत्तम, नाहीतर संध्याकाळी कमान येईल.

ताईचा धंदा पुस्तकबांधणीचा. तिच्याकडे कशाची कमी नव्हती, म्हणजे टाकाऊ गोष्टींची. वह्यांच्या कडा कापल्यावर उरणाऱ्या कागदी पट्ट्या होत्या, त्यांची फुलं झाली. गोणपाटाचे पडदे झाले, सुतळीच्या माळा झाल्या. धाकटीने माळावरचं सुकं गवत आणून त्याच्या जुड्या बांधल्या. आणि दवाखान्याच्या भिंतीलगत पाइनची झाडं होती, त्यांच्याखाली पडलेली लाकडी बोंडं दोघी बहिणींनी पोती भरून वेचली. उमललेल्या लाकडी फुलासारखं एकेक बोंड. धाकटी म्हणाली, यांच्यापुढे खरी फुलंही लाजतील.

पण बोंडांवर धूळ होती, आणि पुस्तकं बांधणाऱ्या बाईला धूळ म्हणजे सवत. धाकटी नको नको म्हणत असताना ताईने संध्याकाळी सगळी बोंडं टबात भिजत घातली.

सकाळी बघते तर काय, एकूणएक बोंडाने तोंड मिटलेलं. पाकळीला पाकळी अशी घट्ट, की नखही शिरू नये.

"ताई, तू त्यांना काही बोललीस का गं?" धाकटीने विचारलं. तिला हसू येत होतं आणि रडूही.

ताईने कागद दुमडायची हाडाची पट्टी घेतली आणि एक बोंड उघडायला गेली. पाकळी कट्दिशी तुटली. तिने बोंड कानाशी नेऊन हलवलं, नाकाशी नेलं, खिडकीच्या उजेडात फिरवलं. काल ज्या फटीतून उजेड येत होता ती गेली कुठे? मेलेलं लाकूड, झाडापासून तुटलेलं; त्याला मिटायचं कुणी शिकवलं? दुपार डोक्यावर येत होती, आणि ही बाई बोंडाकडे बघत बसलेली. धाकटीने हलवलं तेव्हा भानावर आली. आता दुसरं आणणार कुठून? आहेत तशी टांगायची, दुसरा इलाज नव्हता. चिकटवायचा सरस वितळवायला तिने टेबलावर शेगडी पेटवली, बोंडांना सुतळीचे फास चिकटवले आणि माळ त्या टेबलाच्या वरच आडवी टांगली. हात चालत होते तशी ती पुटपुटत होती:

बोंडांनो लाकडाच्या, किती हा रुसवा,
बहीण निघे सासरी, तिला तरी हसवा.

विहीणबाई ठरल्या वेळेआधीच आल्या. कागदी फुलं त्यांनी उलटून पाहिली, पडद्याचा काठ बोटांत धरून पाहिला, गवताच्या जुडीला मान डोलावली. मग माळेशी थांबल्या.

"ह्या कळ्या आहेत का हो?"

हो म्हणावं, असं ताईच्या अगदी ओठावर आलं.

"नाही. फुललेलीच होती," ताई म्हणाली. "मी धुतली, आणि ती मिटली. का मिटली, ते मलाही कळेना."

विहीणबाईंनी एक बोंड हुंगलं. ओलं आहे अजून, असं म्हणाल्या, आणि खुर्चीवर बसून पिशवीतून फोन काढून लावला. सजावटवाल्याला सांगायला हवं होतं. आवाजात टोचणी नव्हती, आणि तेच ताईला जास्त टोचलं.

तेवढ्यात आवाज आला. टक्.

विहीणबाईंनी दोन्ही पाय वर घेतले. "उंदीर आहेत इथे?"

कागदाचं गोदाम, नाही कसं म्हणणार? ताई वाकून टेबलाखाली पाहू लागली. पुन्हा टक्. हा मात्र डोक्यावरून आला.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "इकडे बघ."

शेगडीच्या बरोब्बर वरच्या बोंडाने एक पाकळी उचलली होती. तिघी बघत असताना दुसरी सुटली, टक्. मग शेजारचं बोंड जागं झालं. शेगडीपासून दूरची अजून गाढ झोपेत होती. फोनमधून कुणीतरी हॅलो हॅलो म्हणत होतं. विहीणबाईंनी फोन तसाच मांडीवर पालथा घातला.

"पुठ्ठा!" ताई एकदम म्हणाली. एका अंगाला खळ लागली की पुठ्ठा कसा वळतो आणि वाळला की कसा सरळ होतो, ते तिने भराभर सांगितलं. पाकळीचंही तसंच असणार. एक अंग पाणी जास्त पीत असेल. सांगताना ती कमान विसरली, विहीणबाईंचा मानही विसरली, आणि त्यांच्याच खुर्चीच्या हातावर टेकून वर बघत राहिली.

विहीणबाईंनी पाय खाली घेतले. मग त्यांनी विचारलं, "पुन्हा भिजवली, तर पुन्हा मिटतील?"

"मिटायला हवीत."

"मग भिजवा. उद्या पाहुणे बसले की उघडू देत." फोन त्यांनी पिशवीत टाकला. "तुमच्या ह्या एवढ्याशा शेगडीने मात्र भागायचं नाही. दुकानातल्या मोठ्या मी आणते. आणि वेळेचं माझ्यावर सोडा. काय किती वेळात वाळतं, यात माझा जन्म गेलाय."

धाकटीने ताईकडे पाहिलं. सजावट आमच्याकडची, हा शब्द ताईचा होता.

"शेगड्या तुमच्या," ताई म्हणाली, "पण भिजवणार मी."

दुसऱ्या दिवशी नवरानवरी शेजारी शेजारी उभी राहिली, तेव्हा माळा मिटलेल्या होत्या, आणि ही कसली सजावट म्हणून मागच्या रांगेत कुजबुज चालली होती. मग पहिलं टक् झालं. कुणीतरी खाली पाहिलं, कुणीतरी वर. कुजबुज थांबली. भरलेलं गोदाम माना वर करून ऐकत राहिलं, आणि भिंतीभिंतीवरून लाकूड फुलत गेलं.

ताई वर बघत नव्हती. ती धाकटीचं तोंड बघत होती. पाकळी तुटलेलं ते एक बोंड तिच्या मुठीत होतं, आणि मुठीच्या उबेने तेही, तिच्या बोटांना कळलं, हळूच हललं.