फिट कोणी म्हणायचं

फिट हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. बूट फिट, डब्याचं झाकण फिट, सकाळी चार पावलं पळून धापा टाकणारा शेजारीही फिट. कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका दुकानात मात्र हा शब्द सोन्याच्या भावाने मिळायचा. चाळीस वर्षांचा रिवाज होता: बनवणाऱ्याने फिट म्हणायचं नाही. पाय घालणाऱ्याने रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन यायचं, दुकानाच्या तीन पायऱ्या चढायच्या-उतरायच्या, आणि त्याच्याच तोंडून शब्द निघाला तर वहीत लिहायचा. "बरं आहे", "चालेल", "छान केलाय" ही सगळी नापासाची उत्तरं. भिडेखातर माणूस काहीही बोलतो, हे दुकानाचा मालक, म्हातारा कारागीर, पुरता ओळखून होता.

आता त्याचे हात थरथरत. त्याने लेकीला स्वच्छ सांगितलं होतं, "तू एकटीने केलेला पहिला पाय फिट ठरला की दुकान तुझं. नाही ठरला तर शटर ओढू. अर्धवट पायावर मी कुणाला उभं करणार नाही."

तो पहिला पाय होता शाळेतल्या बाईंचा. दिवसभर फळ्यापुढे उभं राहायचं म्हणजे खायचं काम नाही. बाई टोकापर्यंत ताठ गेल्या, ताठ आल्या, पायऱ्या चढल्या, उतरल्या. म्हाताऱ्याची छाती अशी फुगली की त्याला राहवेना.

"फिट!" तो ओरडला आणि पेनही उचललं.

"हो हो, छानच आहे की," बाई हसून म्हणाल्या.

लेक हसली नाही. "बाबा, पेन ठेवा. तो शब्द आपला नाही." ती बाईंसमोर फरशीवरच बसली. "बाई, पायरी उतरताना ओठ का आवळलेत?"

"अगं, होईल सवय."

"सवय तुम्ही करायची नाही. पायाने करायची."

तिने पाय उतरवला. गुडघ्याखाली नखाएवढा लाल डाग उमटला होता. म्हातारा वरमला. त्याने चाल पाहिली होती, लेकीने चेहरा पाहिला होता. चाळीस वर्षांत न झालेली चूक आज कौतुकापायी झाली.

"मी बघू का जरा?" त्याने हळूच विचारलं.

"एकटीने म्हणालात ना? मग गप बसा."

तो गप बसला. उभ्या आयुष्यात एवढं कठीण काम त्याने केलं नव्हतं. तीन दिवस लेक नवं माप घेऊन पायाची आतली बाजू घासत होती, हाताने चाचपत होती, पुन्हा घासत होती. तिच्याकडे बघताना म्हातारा स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसायचा.

चौथ्या दिवशी बाई निघाल्या. रस्त्याच्या टोकाला त्यांच्याच वर्गातल्या दोन मुली एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. झालं! बाईंनी दोघींना धरलं, दहा मिनिटं उभ्या उभ्या झाडलं, एकीला हाताला धरून घरापर्यंत पोहोचवलं, आणि परत येऊन तीन पायऱ्या एका दमात चढल्या.

"काय बाई कार्ट्या आहेत! वर मलाच उलट बोलतात!"

म्हातारा खुर्चीतून अर्धा उठला. "बाई... पाय?"

"कुठला पाय?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी खाली पाहिलं आणि तोंडावर हातच ठेवला. "अगंबाई, विसरलेच की मी! फिट! अगदी फिट!"

लेकीने भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. वहीत शब्द तिनेच लिहिला, आणि हात जरासुद्धा थरथरला नाही.

तेवढ्यात फोन वाजला आणि म्हाताऱ्याने उचलला. पलीकडे नवं गिऱ्हाईक होतं. "मालक आहेत का?"

म्हातारा खुर्चीत ताठ बसला.

"मालकीणबाई आहेत. देतो हं त्यांना."

"आपण कोण बोलताय?"

"मी?" म्हातारा सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मी त्यांचा बाप!"