बर्फावर चालणारे टायर

टायरच्या बाबतीत माझं चुकत नाही. ही फुशारकी नाही. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात बावीस वर्षं टायर चढवले-उतरवले की एवढं म्हणायचा हक्क माणसाला मिळतो. झिजलेल्या टायरवरून नुसता हात फिरवला तरी गाडी चालवणारा घाईतला आहे की निवांत, त्याला ब्रेकवर पाय ठेवून बसायची खोड आहे का, हे मी सांगतो. माझी बायको मनोरमा म्हणते, "माणसांच्या बाबतीत एवढं कळलं असतं तर संसार सोपा झाला असता." तिचं सोडा.

२००२ सालचा ऑक्टोबर संपत आला होता. बाहेर अजून छत्तीस-सदतीस डिग्री. अशा हवेत सैफ माझ्याकडे बर्फावर चालणारे टायर मागायला आला.

सैफ इथलाच, अमिराती. मी त्याला अरबाब, म्हणजे मालक, म्हणतो आणि तो मला उस्ताद. बारा वर्षांपूर्वी धैद गावाच्या पुढे वाळूत त्याची लँड क्रूझर अर्धी रुतली होती. चार माणसं फावडी घेऊन घाम गाळत होती. मी तिथून चाललो होतो. उतरलो, चारही टायरची हवा पंधरा पाउंडावर आणली, त्यांना बाजूला केलं आणि गाडी पहिल्या झटक्यात बाहेर काढली. तेव्हापासून त्याच्या घरच्या सहाही गाड्यांचे टायर माझ्याकडे. नुसते माझ्याकडे नाही, मी सांगेन तेच.

त्याच्याकडे एक चंदेरी पोर्शे होती. तिला तो पोरीसारखं जपायचा. आता ती विमानानं म्युनिकला जाणार होती, कारण त्याचा मुलगा राशिद तिथे शिकत होता आणि दर शनिवार-रविवारी मित्रांबरोबर डोंगरात जायचा. मुलानं हट्ट धरला, बाप विरघळला. पण दुकानात खुर्चीवर बसल्यावर सैफचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"उस्ताद, मेरा एक ही लडका है," तो म्हणाला. "पहाड का रस्ता, उपर बरफ. टायर तुम पसंद करो. तुम जो बोलेगा, वही लगेगा. खलास."

मी जन्मात बर्फ पाहिला नव्हता. म्हणजे सरबतातला पाहिला होता, रस्त्यावरचा नाही. पण "मला ठाऊक नाही" हे वाक्य माझ्या तोंडून दुकानात कधी निघालेलं नाही. मी म्हणालो, "फिकर नही, अरबाब."

दुबईच्या एजंटानं जर्मनीहून दोन सेट मागवले. एक पसंत करा, दुसरा परत करा, असा बोली व्यवहार. खोकी उघडली आणि मी खूश झालो. असं रबर मी कधी हाताळलं नव्हतं. नख रुतेल इतकं मऊ, आणि नक्षीवर ब्लेडनं मारल्यासारख्या शेकडो बारीक चिरा. उन्हानं खराब होईल म्हणून दोन्ही सेट मी माझ्या एसी केबिनमध्ये ठेवले आणि स्वतः दोन दिवस बाहेर स्टुलावर बसलो.

पहिला सेट गाडीच्या मूळ मापाचा, रुंद. मागचे टायर तर वीतभराहून अधिक. दुसरा अरुंद, लहान रिमवर बसवलेला. प्रत्येकाबरोबर एक गोल स्टिकर होतं, डॅशबोर्डवर चिकटवायचं. रुंद टायरवर ताशी दोनशे चाळीसच्या वर जायचं नाही, अरुंदवर दोनशे दहाच्या. एजंटाच्या कागदावर लिहिलं होतं की बर्फासाठी कंपनी अरुंद सुचवते.

मी तो कागद बाजूला ठेवला. वाळूत बावीस वर्षं मी काय केलं? टायर पसरवला. हवा कमी, टायर रुंद, मग गाडी वाळूवर तरंगते. बारीक टायर रुततो. बर्फ म्हणजे काय, थंड वाळू. मी सैफला फोन केला आणि सगळ्यांसमोर ठासून सांगितलं, "रुंद. आणि मुलाला सांगा, हवा अठरा पाउंड ठेव." सैफही वाळवंटातला माणूस. त्याला लगेच पटलं. दुकानातल्या सगळ्यांना पटलं. बुधवारी संध्याकाळी रुंद टायर गाडीवर चढले. शनिवारी गाडी विमानात जाणार होती.

गुरुवारी सकाळी माझी मुलगी अस्मी डबा घेऊन दुकानात आली. वय एकोणीस, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. जन्म इथलाच. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं बरं चाललेलं असतं. तिनं गाडीकडे पाहिलं, मग केबिनमधल्या अरुंद टायरकडे, मग तो कागद वाचला.

"बाबा, यू पुट द राँग वन्स."

"अगं, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी..."

"बट सॅन्ड इज नॉट स्नो!" ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून मराठीवर आली. "बाबा, वाळूला तळ नसतो. म्हणून तुम्ही वर तरंगता. बर्फाच्या खाली रस्ता असतो ना? टायरनं बर्फ कापून रस्त्याला पकडायचंय. रुंद टायर वरच राहील. इट विल फ्लोट. आणि ब्रेक मारला की?"

मी चिडलो. खरं सांगतो, तिचं म्हणणं कळलं नाही म्हणून नाही चिडलो. कळलं म्हणून चिडलो. "चार पुस्तकं वाचली की बापाला शिकवायला निघाली," असं काहीतरी बोललो. ती गप्प बसली नाही. "देन टेस्ट इट," म्हणाली.

"कुठे? हिमालयात?"

तिनं नुसतं बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे बर्फाचा कारखाना होता. मच्छीमार बोटींना आणि लेबर कॅम्पना तिथून लाद्या जायच्या. तिथला फोरमन रामचंद्र, मालवणचा, माझा जुना दोस्त. शेडखाली त्याचं लांबलचक सिमेंटचं अंगण, ट्रक लागायचे तिथे.

रामचंद्रानं ऐकून कपाळावर हात मारला. "खुळो झालंस काय रे वासू? इतको बरफ कित्याक होयो तुका?" पण गडी हौशी. चाळीस लाद्या फोडायच्या मशीनमध्ये घातल्या आणि अंगणात वीस-पंचवीस पावलांचा पट्टा वीतभर जाड पसरून दिला. "तीनशे दिरहम झाले हां. म्हणजे चार हजार रुपयांचो बरफ तू गटारात घालतलंस," तो म्हणाला आणि स्वतःच टाळी वाजवून हसला. पट्ट्याच्या मध्यावर, कडेला, आम्ही एक लाल ड्रम ठेवला. इथे ब्रेक. पलीकडे ओल्या बारदानांची मोठी रास, लाद्या झाकायची.

गाडी दुसऱ्याची, तीही न विचारता. पण माझा माझ्यावर भरवसा होता. मी अस्मीला म्हणालो, "बघ आता." ताशी तीस धरली, बर्फावर गेलो, ड्रमजवळ ब्रेक दाबला.

गाडी थांबली नाही. पायाखाली ब्रेकचा कडकड आवाज येत राहिला, स्टिअरिंग हातात हलकं झालं आणि मी आरामात, अगदी सावकाश, बर्फाच्या वरून पुढे जात राहिलो. पट्टा संपला तेव्हा बारदानांच्या राशीपासून हातभर अंतरावर गाडी उभी राहिली. वाळूत गाडी अशी कधीच जात नाही. वाळू स्वतःच तुम्हाला धरून ठेवते. हे मला बावीस वर्षं ठाऊक होतं आणि मी त्याचा एकदाही विचार केला नव्हता.

दुकानातून जॅक आणि नट सोडायची हवेची बंदूक आणली, अरुंद टायर चढवले. बर्फ पुन्हा सारखा केला. तोच वेग, तोच ड्रम. या वेळी चाकं खाली गेली, बर्फाला दोन बाजूंना सारत सिमेंटपर्यंत. ड्रमच्या पुढे गाडीची अर्धी लांबी गेलो असेन. उतरून मी चाकांमागचे चर पाहिले. तळाशी सिमेंट दिसत होतं, ओलं आणि काळं.

मला वाटलं होतं ती मिरवेल. तिनं फक्त विचारलं, "आता अंकलना काय सांगणार?"

हाच तर प्रश्न होता. गपचूप अरुंद टायर ठेवून दिले असते तर? सैफला दिसलंच असतं, डोळे आहेत त्याला. आणि रुंद परत चढवले असते तर कुणालाच काही कळलं नसतं. राशिद सोडून. ते डोक्यात आलं. मी फोन उचलला.

सैफ दुपारी उशिरा, असरच्या नमाजानंतर आला. अंगात पांढरी शुभ्र पायघोळ कंदुरा, पायांत चामड्याच्या सपाता. गाडीभोवती एक फेरी मारली आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"ये क्या है? सायकल का टायर?"

"यही लगेगा, अरबाब. और हवा अठरा नही, कंपनी के कागज पे जितना लिखा उतना."

"कल तुम बोला चौडा."

"कल मैं गलत बोला."

बारा वर्षांत हे वाक्य त्यानं माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं आणि मीही नव्हतं ऐकलं. मग त्यानं असा प्रश्न विचारला, जो त्याच्या जागी असतो तर मीही विचारला असता.

"कल गलत, तो आज सही कैसे?"

"कल मैंने रेती का बात बोला," मी म्हणालो. "आज बरफ पे चला के देखा. और ये मुझे मेरी बेटी ने बताया. मैं तो उसको डाँट रहा था."

सैफनं अस्मीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली नाही. पण त्याला ते रुचलं नव्हतं, स्पष्ट दिसत होतं. एका मुलीच्या सांगण्यावरून त्याची गाडी बारीक पायांची होऊन जर्मनीत जाणार, वर डॅशबोर्डवर दोनशे दहाचं स्टिकर. तो म्हणाला, चौडा लगाओ, यल्ला, जल्दी, मुझे देर होता है.

"नही लगाऊँगा," मी म्हणालो. "दुसरा दुकान बहुत है. मैं नही लगाऊँगा. आप खुद चला के देखो, फिर भी चौडा चाहिए तो आप ले जाओ, मैं आपका टायर आज के बाद नही करेगा."

सहा गाड्या, बारा वर्षं, सगळं त्या एका वाक्यात गेलं असतं. मला त्याची पर्वा वाटली नाही असं नाही. वाटली. पण त्याहून जास्त मला त्या मुलाची वाटत होती, ज्याला मी तोपर्यंत फोटोतच पाहिलं होतं.

रामचंद्रानं न सांगता मशीन सुरू केलं. आम्ही रुंद टायर पुन्हा चढवले. सैफ सपाता काढून अनवाणी गाडीत बसला. वाळवंटात तो माझ्यासारखाच पट्टीचा चालवणारा. मी सांगितलेल्यापेक्षा जास्तच वेगानं आला. ड्रमपाशी ब्रेक दाबला आणि गाडी त्याच्या हातातून गेली. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळलेलं, गाडी मात्र सरळ. बारदानांच्या राशीत ती नाक खुपसून थांबली. ओली बारदानं बॉनेटवर कोसळली.

आम्ही धावलो. गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. सैफ दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसाच बसला होता. मी दार उघडलं तरी उतरला नाही. बॉनेटवरच्या बारदानांकडे पाहत तो हळूच म्हणाला, "यहाँ बोरी है, उस्ताद. वहाँ क्या है?"

वहाँ दरी आहे, हे त्यालाही माहीत होतं.

अरुंद टायर चढवून झाल्यावर त्यानं पुन्हा चालवून बघायला नकार दिला. गरज नाही म्हणाला. स्टिकर त्यानं अस्मीच्या हातात दिलं. ती गाडीत बसली, स्टिअरिंगच्या आड जाणार नाही अशी जागा शोधली आणि अंगठ्यानं घट्ट दाबून चिकटवलं. "थँक यू, बिन्ती," सैफ म्हणाला. बिन्ती म्हणजे माझी मुलगी. सकाळी तिच्यावर ओरडलो होतो, आणि आता तीच माझी मुलगी आहे हे ओरडून सांगावंसं वाटत होतं.

मग सैफ शेडच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि त्यानं मोबाइलवरून जर्मनीला फोन लावला. वितळलेलं पाणी त्याच्या अनवाणी पायांखालून गटाराकडे वाहत होतं. तो अरबीत बोलत होता. बावीस वर्षांत तेवढी अरबी मला येते.

आधी गाडी शनिवारी निघते आहे म्हणाला. टायर बारीक आहेत, हसू नकोस म्हणाला. पलीकडून राशिद बहुतेक हसलाच, कारण सैफ थोडा वेळ थांबला. त्याची पाठ आमच्याकडे होती. आजवर मी त्याला कुणासमोर कमी पडलेलं पाहिलं नव्हतं.

"ऐक," तो म्हणाला. "आज मी ती गाडी बर्फावर चालवली. मला थांबवता आली नाही. मी, तुझा बाप. मी धडकलो."

पलीकडचं हसू थांबलं असावं. मग सैफनं त्याला हवा अठरा नाही, कंपनीच्या कागदावर आहे तेवढीच ठेव म्हणून सांगितलं आणि ते त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं.