पाणकणसाचं बेट

क्लेटनच्या युनिव्हर्सिटीतल्या तळ्यावर तरंगतं बेट बांधायला बासिलियाबाई पेरूहून आल्या, आणि ते बुडणार नाही हे बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी सिव्हिल इंजिनियर. रिस्कचे फॉर्म भरण्यात माझा हात कोणी धरणार नाही. बाईंचे लोक टिटिकाका सरोवरात पिढ्यान्‌पिढ्या अशाच बेटांवर राहतात. तळाशी मुळांचे गठ्ठे बांधायचे, वर लव्हाळ्याचे थर टाकायचे. इथे लव्हाळ्याऐवजी तळ्याकाठचं पाणकणीस. खालचं कुजत जातं, म्हणून दर दोन आठवड्यांनी वर नवा थर. त्यातून सुटका नाही.

ऐकूनच मी दमले. घरी माझं तेच चाललं होतं. चंद्रहास आणि मी दोन वर्षं फक्त डबे, कचऱ्याच्या बिन्स आणि गाडीची किल्ली एवढ्यापुरतं बोलत होतो. वेगळं व्हायचं ठरलं होतं, पण मुलीची, नुपूरची, बारावी झाल्यावर. ग्लेन वेव्हर्लीतलं घर घेतलं तेच शाळेच्या झोनसाठी; त्या हद्दीत राहिलं तरच तिथे प्रवेश. ते मोडून तिची शाळा कशी घालवायची? तिला काही कळू द्यायचं नाही, यावर मात्र आमचं एकमत होतं. तेवढं एकच काम आम्ही दोघांनी मनापासून केलं.

नुपूर शाळेत स्पॅनिश शिकते, म्हणून शनिवारी दुभाषी म्हणून तिला घेऊन जायचे. त्या शनिवारी आम्ही तिघी पाणकणीस पसरत होतो. माझी कंबर भरून आली होती. टेकायला निमित्त हवं म्हणून मी बाईंना विचारलं, एवढ्याशा बेटावर चार घरं, मग पटलं नाही तर जाता कुठे?

बाई हसल्या. नुपूरने सांगितलं, अगदीच पटलं नाही तर मोठी करवत घेतात, दोघं दोन टोकांनी ओढतात आणि बेट मधून कापतात. बाईंनी नवऱ्याशी फारकत अशीच घेतली.

"आणि मुलं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

बाई बराच वेळ बोलल्या. नुपूरने हातातला भारा खाली ठेवला.

"करवतीचं दुसरं टोक त्यांच्या मुलीनेच धरलं होतं. शी वॉज फिफ्टीन. आपण मोठं व्हायची आईबाबा वाट बघत बसलेत, हे तिला बघवत नव्हतं."

मी मान खाली घालून थर सारखा करत राहिले.

"आई, मला इयर टेनपासून माहितीये," नुपूर म्हणाली. "तुमच्यासमोर काही कळत नसल्यासारखं वागायचं. आय ॲम सो टायर्ड, आई. मी धरते ना दुसरं टोक."

जिच्यासाठी इतके दिवस रेटले, ती माझ्याहून जास्त दमली होती. मला रडू आवरेना. बाईंनी काही न विचारता माझ्यासमोरचं पाणकणीस उचललं आणि त्या पुढे पसरू लागल्या.

ओल्या हातांनीच मी चंद्रहासला फोन लावला. नुपूरला सगळं माहीत आहे, कधीपासूनच, एवढंच सांगितलं.

"सुटलो," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडायला लागला.