माझ्या पोटातलं गिरजाबाईंचं बोलणं

मित्रांनो, मला हातात घेण्याआधी जरा विचार करा. मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. माझं टोपण केव्हाच हरवलं, तोंडात तंबाखूची पूड बसली आणि नाही नाही त्या संगणकांची घाण पोटात साचली. मला माझीच किळस येते.

पूर्वी मी असा नव्हतो. पिंपरीच्या बाजारातल्या एका दुकानात चकचकीत वेष्टनात लटकत होतो. चाकणजवळच्या एका विद्यापीठातल्या रविराज सरांनी मला विकत घेतलं. ते समाजशास्त्र विभागाचे प्रमुख. "सगळा विभाग माझ्या खिशात आहे," असं ते मला दाखवून सांगायचे. मलाही तेव्हा फार भारी वाटायचं.

मग माझे हाल सुरू झाले. प्रश्नपत्रिका, हजेरी, कुणाकुणाची आधार कार्डं, सरांच्या पुतण्याच्या हळदीचे व्हिडिओ, जे येईल ते माझ्यात कोंबलं जाऊ लागलं. मागेल त्याला सर मला देत. फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातला संगणक व्हायरसने नुसता बुजबुजलेला असे. त्यात मला खुपसलं की ओकारी यायची, पण ओकायची सोय नव्हती.

विद्यापीठाने चांगली सोय केली नव्हती असं नाही. संगणक केंद्राच्या सादिका मॅडमनी सगळ्या प्राध्यापकांना बसवून नीट समजावलं होतं. सगळ्यांच्या कामाच्या फायली सामायिक फोल्डरमध्ये ठेवा. ज्यात माणसांची नावं आणि खाजगी गोष्टी आहेत, त्यासाठी कुलूपबंद फोल्डर मागा. परवानगी असेल त्यालाच तो उघडेल आणि त्याची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत आपोआप राहील. "पेनड्राइव्ह ही काही साठवायची जागा नाही," असं त्या म्हणाल्या. मी सरांच्या खिशातून ऐकत होतो. सर मोबाइलवर क्रिकेट बघत होते.

सरांच्या हाताखाली नबीला नावाची मुलगी संशोधन करत होती. कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशिनवर बोटं गमावलेल्या बायकांना भेटून ती त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायची. त्यातल्याच एक गिरजाबाई. काम भराभर व्हावं म्हणून कारखान्याच्या कुलदीप साहेबांनी मशिनवरची, हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी काढायला लावली आणि त्यातच आपली बोटं गेली, असं त्यांनी सांगितलं. आपलं नाव बाहेर जाणार नाही, एवढा शब्द मात्र घेतला होता.

नबीलाने कुलूपबंद फोल्डर मागितला. त्याला सरांची मंजुरी लागत होती.

"कशाला ती भानगड?" सर म्हणाले. "माझ्या पेनड्राइव्हवर टाक."

"सर, यात त्यांची नावं आहेत."

"अगं, मग मी काय परका आहे का?"

झालं. हळदीच्या व्हिडिओंशेजारी गिरजाबाईंचा आवाज येऊन बसला. मला शिसारी आली ती त्या आवाजाची नव्हे, शेजाराची.

पुढे एका कारखान्यात सरांचं व्याख्यान ठरलं. तो नेमका गिरजाबाईंचाच कारखाना होता, पण सरांनी रेकॉर्डिंग ऐकलंच नव्हतं, तर त्यांना कसं कळणार? व्याख्यान संपलं. मला संगणकाला तसंच लावून सर चहाला गेले. कुलदीप साहेब तिथेच होते. त्यांनी माझ्यातला एकेक फोल्डर उघडला, गिरजाबाईंचं नाव वाचलं आणि ती फाइल उतरवून घेतली.

थोड्याच दिवसांत गिरजाबाई विभागात आल्या.

"पोरी, माझंच बोलणं सायबानं मला ऐकवलं," त्या नबीलाला म्हणाल्या. "तुमचे सर च्या प्यायला गेले, तवा घेतलं म्हनं. उद्यापास्नं येऊ नको, म्हनला."

नबीलाने सरांना जाब विचारला. सरांनी मला उचलून टेबलावर आपटलं.

"हा पेनड्राइव्हच खराब झालाय. व्हायरस असेल."

"व्हायरस चहाला जात नाही, सर," नबीला म्हणाली.

इतक्या घाणीतून गेलो, पण त्या क्षणाइतका वीट मला कधीच आला नव्हता.

नबीलाने कुलगुरूंकडे तक्रार केली. मार्गदर्शक बदलून मिळाले, कुलूपबंद फोल्डरही मिळाला. ती गिरजाबाईंच्या घरी गेली. सरांकडून मागून घेतलेला मी तिच्या पिशवीत होतो.

"मावशी, आता जागा पक्की आहे. तुमचं बोलणं तिथे ठेवू का?"

"पुसून टाक. तुझ्यावर राग न्हाई माझा. पर आता माझा आवाज कुठंच नको."

नबीलाच्या प्रबंधातली सगळ्यात मोलाची साक्ष तीच होती. तरी तिने शब्दानेही आग्रह केला नाही. त्यांच्यासमोरच लॅपटॉप उघडला, आपल्याकडची प्रत पुसली, माझ्यातलीही पुसली. मग मला सरांना परत केलं. सर आजही मला खिशात घालून हिंडतात.

मित्रांनो, कुणी विश्वासाने तुमच्यापाशी काही ठेवलं, तर ते माझ्यासारख्याच्या पोटात टाकून दारोदार फिरवू नका. आधी जागा बघा, मगच शब्द द्या. गिरजाबाईंचं बोलणं आता नबीलाकडे नाही, माझ्याकडेही नाही. ती जाळी कुणी काढायला लावली, हे सांगणारी एकच प्रत आता उरली आहे. ती कुलदीप साहेबांकडे आहे.