दातांत धरलेली सुरी

सहा महिने माझा नवरा संध्याकाळ झाली की तापायचा, आणि सहा महिने मी त्याला कामचोर म्हणत होते. आधीच कबूल करून टाकते, नंतर कुणी तोंडावर फेकायला नको.

सकाळी माणूस ठणठणीत. चार वाजले की कणकण, मग हुडहुडी, मग असा घाम की चादर पिळून घ्यावी. कत्तलखान्यात त्याच्यासारखं कातडं सोलणारा दुसरा नव्हता. कुठे चीर नाही की भोक नाही. आणि आता तोच कंबर धरून अर्ध्या पाळीतून घरी. मुकादमाने सगळ्यांसमोर सांगितलं की हा नाटकी आहे, महिनाअखेरीपर्यंत सुधारला नाही तर कामावरून कमी करणार. मीही तिथेच आतडी धुते, मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तीन दवाखाने झाले, इंजेक्शनं झाली, गुण काही येईना.

चौथ्या दवाखान्यात मी हट्टाने त्याच्याबरोबर आत गेले. डॉक्टरीण वयाने माझ्या धाकट्या नणंदेएवढी. तिने विचारलं, काम काय करता? तर हा शहाणा म्हणतो, "हॉटेलात भाजी चिरतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे तिन्ही ठिकाणी या बाबाने हेच सांगितलं होतं. का, तर फार पूर्वी एका दवाखान्यात खरं सांगितल्यावर बाकावरची माणसं सरकून बसली होती. अरे, सरकू देत की, तेवढीच ऐसपैस जागा. लाजेपायी सहा महिने घालवले आणि मी मेली त्यालाच बोल लावत बसले.

"बाई, हे जनावरं सोलतात," मी म्हटलं. "सुरी दातांत धरून."

डॉक्टरणीचं लिहिणं थांबलं. दातांत म्हणजे कशी, तिने विचारलं. मी टेबलावरची पट्टी उचलून आडवी दातांत धरून दाखवली. कातडं दोन्ही हातांनी ओढावं लागतं, मग सुरी ठेवणार कुठे? खाली ठेवली तर पायाखाली येते, कमरेला खोचण्यात वेळ जातो. आमच्याकडे झाडून सगळे तसंच करतात, नवा माणूस पहिल्या दिवशी हेच शिकतो. धुतलेली असते का, तिने विचारलं. धुतात की, मी म्हटलं, पाळी संपल्यावर.

तिने लगेच रक्त घेतलं. आज दुपारी कागद हातात आला. जनावरांपासून माणसाला होणारा आजार, नाव भलं लांबलचक. जनावराच्या रक्तातून येतो, गाभण जनावराच्या पिशवीतून येतो. आपल्या तोंडावाटे नाहीतर हातावरच्या चिरेतून आत शिरतो. सहा आठवडे गोळ्या, एकही चुकवायची नाही. बरे होतील, ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की तिथेच नवऱ्याचा दंड धरून मी त्याला गदागदा हलवला. नवऱ्याला आजार निघाला म्हणून हसणारी बाई तिने पहिल्यांदाच पाहिली असेल. तुमचंही रक्त तपासायला हवं, ती म्हणाली. देते की, पण आधी मला एक काम होतं.

नवऱ्याला घरी सोडून मी कत्तलखान्याकडे सुटले. चालले नाही, धावले. मुकादमाला काय काय सुनवायचं ते वाटभर घोकत होते. त्याच्या सात पिढ्या जागच्या जागी उद्धरणार होते मी.

आत काम ऐन जोरात. आठ माणसं, आठ तोंडांत आठ सुऱ्या. मी कागद उंच धरला आणि ताप, घाम, कंबर, सुरी, सगळं गळा काढून सांगितलं. एकेकाने सुरी तोंडातून काढली.

मुकादम पुढे आला. कागद माझ्या हातातून घेऊन त्याने वाचला. मी तोंड उघडणार, तोच हळूच म्हणाला, "वहिनी, घामाने उशी भिजते का हो त्याची?"

"भिजते."

"माझीपण भिजते. वर्ष झालं. मालक काढून टाकेल म्हणून कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही."

दवाखाना सहाला बंद होतो, एवढंच मी म्हटलं आणि त्याच्या एप्रनची गाठ सोडायला लागले, कारण त्याच्या हातातून कागद सुटत नव्हता. मागे आणखी तिघे आपापल्या गाठी सोडत होते.